ससाण्याची तेरा वर्षं

नव्वदच्या दशकात 'रस्त्यावर विकत मिळणारी जगातली सगळ्यात वेगवान बाइक कोणती?' या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं एकच होतं. कावासाकीची झेडझेडआर ११००, १९९० ची. मग १९९६ मध्ये होंडाने सीबीआर ११००एक्सएक्स आणली, तिचं नाव ठेवलं सुपर ब्लॅकबर्ड, आणि किताब तिकडे गेला. सुझुकी हे सगळं बघत होती. १९९८ च्या शरद ऋतूत म्युनिकच्या प्रदर्शनात तिने पडदा उघडला, तेव्हा समोर जे उभं होतं त्याच्या अंगावर एक जपानी चित्राक्षर रंगवलेलं होतं: हायाबुसा. म्हणजे आपला बहिरी ससाणा. शिकारीवर झेपावताना तो ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, हे तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. आणि त्याच्या खाद्यात ब्लॅकबर्डसारखे पक्षी असतात. होंडाला मारलेला टोमणा इतका उघड होता की समजावून सांगायची गरजच पडली नाही.

दिसायला ती विचित्र होती. आजही आहे. फुगीर नाक, पुढे आलेला जबडा, मागच्या सीटवर उंटासारखी मदार. कोजी योशिउरा या डिझायनरने ती तशी का केली, हे कळायला थोडं शाळेतलं भौतिकशास्त्र लागतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने. म्हणजे ३०० वरून ३३० वर जायचं असेल, फक्त दहा टक्के, तर इंजिनाला साधारण ३३ टक्के जास्त ताकद द्यावी लागते. या हिशेबात नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही; हवेला बाजूला सारणारं शरीर लागतं. ती मदार चालवणाऱ्याच्या पाठीमागून हवा नीट निसटावी म्हणून आहे. लोकांनी तिला कुरूप म्हटलं आणि मग तिचे पोस्टर भिंतीवर लावले.

१२९९ सीसीचं इंजिन, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १७५ अश्वशक्ती. वेगवेगळ्या मासिकांनी १९९९ मध्ये मोजून पाहिलं तेव्हा आकडे ताशी ३०३ ते ३१२ किलोमीटरच्या दरम्यान आले. विक्रीला असलेली बाइक ३०० च्या पार गेली आणि युरोपात खळबळ उडाली. आता कावासाकी गप्प बसणार नाही, तिची झेडएक्स-१२आर येणार, मग ३२०, मग ३३०, हे कुठे थांबणार? सरकारं बंदी घालतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा कंपन्यांनी आपापसात एक सभ्य समझोता केला: ३०० च्या वर कोणी जायचं नाही. कुठे सही नाही, कायदा नाही. पुढच्या मॉडेलांच्या मेंदूत २९९ ला कुलूप बसलं. पहिल्या हायाबुसाच्या स्पीडोमीटरवर ३५० पर्यंत आकडे होते. नंतरच्या गाड्यांवर २८० नंतर आकडेच छापले नाहीत.

मला या सगळ्या कहाणीत हा समझोता सगळ्यात रंजक वाटतो. कारण त्याने १९९९ चं मॉडेल गोठवून टाकलं. कंपनीने कुलूप न लावलेली ही शेवटची गाडी, असं तिचं कौतुक सुरू झालं, आणि त्या दिवसापासून हायाबुसाच्या चाहत्याच्या मनात एक इच्छा कायमची रुतली: पुढची गाडी या कुलपाला भीक घालणार नाही.

आपल्याकडे ही गाडी आली ती पडद्यावरून. २००४ मध्ये संजय गढवींचा 'धूम' आला. मुंबईच्या रस्त्यांवर चोरी करून पळणारा जॉन अब्राहम आणि त्याच्याखाली हायाबुसा. त्यानंतर गावोगावच्या पोरांना 'बुसा' हा शब्द पाठ झाला. ज्यांनी गाडी पाहिली नव्हती त्यांनीही. पल्सर आणि करिझ्मावर फायबरचं कवच चढवून तिची बुसा करून देणारी गॅरेजं निघाली. १५० सीसीच्या इंजिनावर ससाण्याचं नाक. ही गाडी शंभरच्या वर गेली की सगळं कवच थरथरायचं, पण सिग्नलला थांबली की लोक वळून बघायचे आणि ती त्यासाठीच होती.

खरी गाडी कायदेशीरपणे दुकानात यायला मात्र आंबे कामी आले. हे गमतीने म्हणत नाहीये. आपल्या आंब्याला अमेरिकेची दारं कित्येक वर्षं बंद होती, आणि अमेरिकेला तिची हार्ले-डेव्हिडसन भारतात विकायची होती. २००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले, तेव्हा आंब्याचा विषय थेट वरच्या पातळीवर गेला. २००७ च्या एप्रिलमध्ये व्यवहार जुळला. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या केंद्रात, जे मुळात कांद्यासाठी उभारलं होतं, हापूस आणि केसरच्या पेट्यांवर विकिरणाची प्रक्रिया झाली आणि त्या न्यूयॉर्कला गेल्या. बदल्यात भारताने ८०० सीसी किंवा त्याहून मोठ्या, युरो-३ पाळणाऱ्या बाइकना आयातीची वाट सोपी केली. हार्लेसाठी उघडलेल्या दारातून जपानी आधी आत शिरले. यामाहा त्याच वर्षी, सुझुकी २००८ मध्ये हायाबुसा घेऊन. शुल्क जबर होतंच, किंमत साडेबारा लाखांच्या घरात. तरीही, कोकणच्या कलमांचं आणि या गाडीचं नातं आहे म्हणायला हरकत नाही.

भारतात आली ती दुसरी पिढी. पिस्टनचा फेरा २ मिलिमीटरने वाढवून इंजिन १३४० सीसी केलेलं, ताकद १९७ अश्वशक्ती. शरीर तेच, जरा जास्त भरलेलं. आणि इथून ती तेरा वर्षं सुरू होतात.

२००८ च्या शेवटी जगभर मंदी आली. मोठ्या, महागड्या, पोरकट समजल्या जाणाऱ्या वेगवान बाइकचा बाजार सगळ्यात आधी कोसळला. येन महाग झाला. सुझुकी ही होंडाएवढी दांडगी कंपनी नाही. २०११ अखेर तिने मोटोजीपीची शर्यत सोडली, २०१२ मध्ये अमेरिकेतला गाड्यांचा धंदा गुंडाळला. तिची स्वतःची शर्यतीची शान, जीएसएक्स-आर १०००, तीही २००९ नंतर थेट २०१७ मध्ये नव्याने आली. या रांगेत हायाबुसाचा नंबर मागेच असणार होता. २०१३ मध्ये तिला एबीएस आणि चांगले ब्रेंबो ब्रेक मिळाले, एवढंच. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. तोवर कावासाकीने १४४१ सीसीची गाडी बाजारात आणली होती, आणि २०१५ मध्ये तर सुपरचार्जर लावलेली एच२. २०१६ मध्ये केनान सोफुओग्लू या तुर्की शर्यतपटूने तिची ट्रॅकवरची बहीण एच२आर उस्मान गाझी पुलावर ताशी ४०० पर्यंत नेली. ससाणा फांदीवर बसून बघत राहिला.

कंपनी बोलत नसली की चाहते तिच्या वतीने बोलू लागतात. सुझुकीने २०१३ च्या टोकियो प्रदर्शनात टर्बो लावलेली ५८८ सीसीची रिकर्जन ठेवली. लगेच ठरलं, पुढची बुसा टर्बोची. २०१५ मध्ये कन्सेप्ट जीएसएक्स नावाचं एक शिल्प ठेवलं, त्यात चालण्यासारखं काही नव्हतं, पण त्याच्या पाठीची मदार बघून लोकांनी इंजिनाची क्षमता सांगितली. मग पेटंटमधली रेखाचित्रं फिरायला लागली, आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, बाह्यरेषा हायाबुसाची. १४४० सीसी, २२० अश्वशक्ती, तीस किलो कमी वजन. मीही हे सगळं रात्री जागून वाचलं आहे. माझ्याकडे तेव्हा १२५ सीसीची गाडी होती आणि ती हप्त्यांवर होती.

आपण घेणार नाही अशा वस्तूच्या पुढच्या आवृत्तीची इतकी आस का लागावी? रविवारी सकाळी लोणावळ्याच्या जुन्या रस्त्यावर चहाला थांबणाऱ्या बाइकवाल्यांत एक पन्नाशीतले गृहस्थ भेटले होते, २००९ ची बुसा, नव्वद हजार किलोमीटर झालेली. मी विचारलं, "काका, नवीन आली की ही काढणार का?" ते हसले. "काढायला घेतली नव्हती रे. नवीन यायला पाहिजे, कारण नाही आली तर हिचे पार्ट कोण बनवेल?" मी आकड्यांची आशा करत होतो आणि ते सुट्या भागांची. त्यांची आशा जास्त खरी होती.

अडचण जुन्या इंजिनाच्या पोटातच होती. धूर सोडणारा झडप-दरवाजा मिटण्याआधीच हवा आत घेणारा उघडतो. दोन्ही क्षणभर एकत्र उघडे राहतात. इंजिन जोरात फिरत असताना याचा फायदा होतो, बाहेर पळणारा धूर ताजी हवा मागे ओढून घेतो आणि सिलिंडर ठासून भरतो. पण हळू फिरताना न जळलेलं पेट्रोल तसंच धुराच्या नळीतून निघून जातं. जुनी वेगवान इंजिनं या क्षणाच्या जिवावरच वरच्या फेऱ्यांना ताकद काढायची, आणि नव्या युरोपी नियमांना नेमकं तेच चालत नव्हतं. युरो-४ साठी दुसऱ्या पिढीची गाडी बदलली गेली नाही. सवलतीची मुदत संपल्यावर २०१८ अखेर युरोपातली विक्री थांबली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि इथेही ती दुकानातून गेली. तेव्हा बऱ्याच जणांनी श्रद्धांजल्या लिहून टाकल्या.

५ फेब्रुवारी २०२१ ला तिसरी पिढी आली. १३४० सीसी. १९० अश्वशक्ती.

वाचणाऱ्यांनी पुन्हा वाचलं. १९७ वरून १९०. तेरा वर्षं थांबून सात घोडे कमी! टर्बो नाही, वजन २६४ किलो, म्हणजे जेमतेम दोन किलोंची घट. २९९ चं कुलूप जागेवर. सुझुकीच्या अभियंत्यांनी सांगितलं की टर्बो, मोठं इंजिन, अगदी सहा सिलिंडरचं इंजिनसुद्धा बनवून पाहिलं आणि शेवटी जुन्याच रचनेकडे परत आलो. बऱ्याच चाहत्यांना ही कंजूषपणाची सबब वाटली.

मला नाही वाटली. झडपांचा एकत्र उघडा राहण्याचा काळ कमी केला तर सगळ्यात वरच्या फेऱ्यांची ताकद जाणारच. पण त्यांनी ती मधल्या फेऱ्यांत परत भरली, आणि माणूस गाडी चालवतो ती मधल्या फेऱ्यांतच. कंपनीच्या हिशेबाप्रमाणे शून्य ते शंभरला जुनीला ३.४ सेकंद लागायचे, नवीनला ३.२. गाडी किती कलली आहे हे मोजणारं यंत्र, ट्रॅक्शन कंट्रोल, क्रूझ कंट्रोल, चढावर मागे न घसरण्याची सोय, हे सगळं एकदम आलं. २६४ किलोचं धूड पावसात ओल्या रस्त्यावर वळवणाऱ्याला यातलं काय हवं असतं, हे त्या काकांना विचारा. आणि इंजिन तेच ठेवल्यामुळे जुन्या गाड्यांचं आयुष्यही वाढणार.

या इंजिनाला आकड्यांची उणीव होती, असंही नाही. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठागरावर ॲक अटॅक नावाचं नळकांड्यासारखं वाहन ताशी ६०५ किलोमीटरवर गेलं, त्यात टर्बो लावलेली हायाबुसाची दोन इंजिनं होती. पुढच्या वर्षी बिल वॉर्नरने मेन राज्यातल्या जुन्या हवाई तळावर बदल केलेली हायाबुसा ५०२ वर नेली. दोन वर्षांनी त्याच धावपट्टीवर, वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात, तो गेला. वेगाची हौस पुरवायला जागा असतात आणि तिथेही किंमत ही असते. आपल्याकडे तर राज्यातले दोन सगळ्यात मोकळे रस्ते, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी, दोन्हींवर दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. सोळा लाख चाळीस हजारांची गाडी (२०२१ ची दिल्लीतली शोरूम किंमत) घेऊन माणूस जुन्या हायवेवर ट्रॅक्टरच्या मागे असतो. तरी भारतातली पहिली खेप दोन दिवसांत संपली.

जपानच्या तोत्तोरी भागात, याझु गावात, एका छोट्या रेल्वेमार्गावर हायाबुसा नावाचं स्टेशन आहे. १९३० चं, लाकडी इमारत, बाइकशी काडीचा संबंध नाही. गावच्या जुन्या नावावरून पडलेलं नाव. २००८ च्या ऑगस्टमध्ये एका बाइक मासिकाच्या आवाहनावरून मूठभर हायाबुसावाले तिथे जमले. पुढे दरवर्षी ऑगस्टमध्ये जत्रा भरू लागली, देशभरातून गाड्या येऊ लागल्या, आणि त्या तोट्यातल्या मार्गावर हायाबुसाची चित्रं रंगवलेला डबासुद्धा धावू लागला. या जत्रेची वर्षं मोजली तर लक्षात येतं, ती वाढली ती नेमकी त्याच काळात, जेव्हा नवीन गाडी येत नव्हती.

२०२१ ची गाडीही आता जुनी होऊ लागली आहे. पंचवीस वर्षं झाल्याची खास रंगातली आवृत्ती येऊन गेली, बारीकसारीक सुधारणा होत आहेत, आणि टर्बोच्या अफवा पुन्हा सुरू झाल्या आहेत. माझी यादी आता छोटी आहे. वीस किलो खरंच कमी करा. कुलूप राहू दे. आणि डॅशबोर्डवर मध्ये छोटा पडदा ठेवून दोन्ही बाजूंना जे खरे, हलणारे काटे ठेवलेत, ते पुढच्या गाडीत काढू नका.