बंबात गेलेले कागद

ऑफिसमधला माझा एक मित्र प्रोजेक्टसाठी इंग्लंडला गेला होता. तिथून त्याने नॉरफकच्या किनाऱ्यावरच्या क्लाय नावाच्या खेड्याचे फोटो पाठवले. गाव एवढंसं, पण सेंट मार्गारेट चर्च एखाद्या शहराला शोभेल असं. कारण मध्ययुगात क्लाय हे बंदर होतं. पुढे खाडी गाळाने भरली, समुद्र मागे सरला, व्यापार गेला आणि चर्च तेवढं उरलं. जवळच ‘थ्री स्वॅलोज’ नावाचा पब. फोटोंखाली त्याने विचारलं होतं, ‘तुझ्या गावाकडे काय आहे रे बघण्यासारखं?’

माझं गाव केनवड, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. दिवाळीत गेलो तेव्हा हाच प्रश्न मी फाट्यावरच्या हॉटेलात विचारला. पबचं काम आमच्याकडे चहा-भज्यांचं हॉटेल करतं, गावाची सगळी खबर तिथे असते. मालक म्हणाले, “इथं काय हाय पाहाले? पाहाचं असन तं शेगावले जा.”

मी मामाची बाईक काढली आणि आधी शिरपूरला गेलो. तिथलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर जैनांचं मोठं तीर्थ. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. पूजा कोणी आणि कशी करायची यावरून दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात शंभर वर्षांहून जुना वाद आहे. १९०५ मध्ये दोघांनी वेळा वाटून घेतल्या, पण ते टिकलं नाही. १९१० मध्ये दावा अकोल्याच्या कोर्टात गेला, तिथून नागपूरला आणि शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. निकाल १९२९ चा. म्हणजे वऱ्हाडातल्या एका मूर्तीला लेप कोणी लावायचा, यावर लंडनमध्ये इंग्रज न्यायाधीश बसले होते! एवढ्यानेही भागलं नाही. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. माझ्या लहानपणी शिरपूरला गेलं की मोठी माणसं दाराच्या फटीतून दर्शन घ्यायची. मला वाटायचं, या देवाचं दर्शन असंच घ्यायचं असतं.

शिरपूरहून वाशिम. बालाजीचं मंदिर पेशवाईतलं, भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेलं. ते सगळ्यांना माहीत आहे. गावात मिशनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलही आहे, चर्च ऑफ द नाझरिन या अमेरिकन पंथाने १९३८ मध्ये सुरू केलेलं. आमच्या आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी लोकांनी पहिला डॉक्टर पाहिला तो तिथेच.

पण मी वाशिमला गेलो होतो ते एका ताम्रपटासाठी. म्हणजे तो मिळाला ते गाव बघायला. वाशिमचं जुनं नाव वत्सगुल्म. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त हे नगर विदर्भात असल्याचं लिहिलं, इतकंच नाही तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न इथेच लावून दिलं. तरीही इथे वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होती, हे आधुनिक इतिहासकारांना १९३९ पर्यंत ठाऊक नव्हतं. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातल्या लेखात या शाखेची वंशावळ आहे, पण लेख झिजलेला. मूळपुरुष सर्वसेन याचं नावच नीट वाचलं गेलं नव्हतं. मग पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांना वाशिममध्ये तांब्याचे पत्रे सापडले. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेलं ते दानपत्र निघालं. वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. दान दिलेलं गाव नांदेडकडचं. त्या पत्र्यांवरून अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला गेला आणि एका घराण्याचा पत्ता लागला. अजिंठ्याची काही सर्वांत देखणी लेणी ज्याच्या काळात कोरली गेली, तो हरिषेण याच शाखेचा.

मला त्या दिवशी भीती वाटली ती तांब्याची. आमच्याकडे तांबं म्हणजे मोड. दिवाळीच्या आधी मोडवाला येतो, वजनावर पैसे देतो. ते पत्रे एखाद्याच्या हातून तराजूत गेले असते, तर वत्सगुल्म फक्त एका जुन्या पुस्तकातलं नाव राहिलं असतं.

रात्री जेवताना हे आईला सांगितलं. ती सहज म्हणाली, आपल्या माळवदावरच्या पेटीतही कागद होते, मोडीतले. पणजोबा गेल्यावर ते वाचणारं घरात कोणी उरलं नाही. वाळवी लागायला लागली, तेव्हा आजीने दोन हिवाळे बंब पेटवायला वापरले. “चांगले पेटायचे,” आई म्हणाली. तिच्या लेखी तो जुना पसारा होता आणि घरात अंघोळीला नऊ माणसं होती. मी तरी काय बोलणार? बंबही तांब्याचाच होता. तो पुढे मोडीत गेला.

दुसऱ्या दिवशी पेटी उतरवली. तळाला अंथरलेले दोन कागद चिकटून राहिले होते. फोटो काढून पुण्यातल्या मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या ताईंना पाठवले. पहिल्यात कुणाला किती पायली ज्वारी दिली त्याची यादी आहे, नऊ नावं. त्यातली तीन आडनावं अजून गावात आहेत. दुसऱ्या कागदाला घडीवर भोक पडलंय, ताई म्हणाल्या, जरा वेळ लागेल.