लिंडबर्गची काटकसर

१९४४च्या जूनअखेरीस न्यू गिनीतील हॉलंडियाच्या (आजच्या जयपुराच्या) अमेरिकन हवाई तळावरील यांत्रिकांच्या एक गोष्ट लक्षात आली. एकाच मोहिमेवरून परतलेल्या पी-३८ लाइटनिंग विमानांपैकी एकाच्या टाकीत इतरांहून बरेच अधिक इंधन उरलेले असे. ते चालवणारा सैनिक नव्हता. बेचाळीस वर्षांचा हा पाहुणा म्हणजे १९२७ साली न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने साडेतेहतीस तासांत पोहोचलेला चार्ल्स लिंडबर्ग.

तो तिथे आला होता विमान-उद्योगातील एका कंपनीचा तांत्रिक प्रतिनिधी म्हणून. युद्धात उतरण्यास त्याने जाहीर विरोध केला होता. रूझवेल्टने टीका केल्यावर एप्रिल १९४१मध्ये त्याने आपल्या कर्नलपदाचा राजीनामा दिला. पुढे पर्ल हार्बरनंतर त्याने सेवा देऊ केली, पण ते पद काही त्याला परत मिळाले नाही.

वैमानिकांचा रिवाज असा, की इंजिन वेगाने फिरवायचे, मॅनिफोल्डमधील दाब कमी ठेवायचा आणि मिश्रणात पेट्रोल सढळ हाताने सोडायचे. लिंडबर्गचे सांगणे नेमके उलटे होते: शत्रू नजरेच्या टप्प्यात नसताना फेरे मिनिटाला सोळाशेपर्यंत उतरवा, दाब वाढवा, मिश्रण विरळ करा. तेवढीच शक्ती थोड्या फेऱ्यांत, प्रत्येक वेळी सिलिंडर नीट भरून मिळवता येते. फेरे कमी झाले की घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचते, आणि अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढण्याचे दट्ट्यांचे कष्टही वाचतात. या रीतीने ताशी सुमारे सत्तर गॅलनमध्ये भागे. वेग मात्र घटून ताशी १८५ मैलांच्या आसपास येई. काटकसर फुकट कुठे मिळते?

तरुण वैमानिक बिचकले, ते स्वाभाविकच होते. कमी फेरे आणि जास्त दाब म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, इंजिनाचा सत्यानाश, अशीच त्यांची समजूत होती. आणि खाली समुद्र किंवा जंगल. लष्करी इंजिने कष्ट सोसण्यासाठीच घडवलेली असतात, अशा आशयाचे उत्तर लिंडबर्गने दिले. पण खरे पटवले ते उरलेल्या पेट्रोलने. मला यातले विशेष वाटते ते हे, की यंत्रात एक खिळाही बदलला नव्हता. ही क्षमता त्या ॲलिसन इंजिनात आधीपासूनच होती.

ऑक्टोबर १९४४मध्ये बोर्निओतील बालिकपापनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांवर बॉम्बफेकी विमाने गेली, तेव्हा सोबत लढाऊ विमाने इतक्या दूरवर जाऊ शकली, त्यात या शिकवणीचा वाटा होता. वाचवलेले इंधन शत्रूचे इंधन जाळण्याच्या कामी आले! असो.

तरीही सप्टेंबर १९४१च्या डी मॉइन येथील भाषणात अमेरिकेला युद्धाकडे ढकलणाऱ्यांत त्याने ज्यूंचे नाव घेतले होते, ते या गॅलनांनी धुतले जात नाही. आणि जपानी कैद्यांशी आपल्याच सैनिकांनी केलेल्या क्रूर वर्तनाच्या संतप्त नोंदी, १९७० साली प्रसिद्ध झालेल्या युद्धकाळातील रोजनिशीत आहेत, त्याही याच माणसाच्या.