उंचीचे पंचांग

उष्ण कटिबंधातला देश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे माडांच्या रांगा आणि घामाच्या धारा उभ्या राहतात. परंतु दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटात, उतरलेला पाहुणा पहिल्याच संध्याकाळी लोकरीचा कोट शोधू लागतो. तेथील वर्षाचे सरासरी तपमान अवघे १४ अंश सेल्सिअस. त्याच देशाच्या किनाऱ्यावरील कार्ताहेनात ते २८ अंशांच्या घरात, तर डोंगरातल्या मेदेयिन शहरात २२च्या आसपास.

तिन्ही शहरे विषुववृत्तापासून ११ अंशांच्या आतली. मग फरक कशाचा? उंचीचा. कार्ताहेना समुद्रकाठी, मेदेयिन सुमारे १,५०० मीटरवर, बोगोटा २,६०० मीटरवर. आणि दर हजार मीटर चढले की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. सूर्य वर्षभर जवळजवळ सारखाच तापत असल्याने महिना पालटला तरी उष्मा फारसा पालटत नाही. आपण ऋतूंची वाट पाहतो. तिथला माणूस डोंगर चढून-उतरून ऋतू गाठतो. खाली केळी आणि कोको, मध्ये कॉफी, वर बटाटा आणि गहू.

हा जिना स्पॅनिश लोकांनी प्राण मोजून ओळखला. १५३६ साली गोन्सालो हिमेनेस दे केसादा सांता मार्ताच्या किनाऱ्यावरून शेकडो माणसे घेऊन निघाला. माग्दालेना नदीच्या खोऱ्यातील पाऊस, ताप आणि उपासमार यांनी त्यांतली बहुतेक गिळली. उरलेल्यांना वर थंड पठार लागले, मुइस्का लोकांची मक्याची आणि बटाट्याची शेते लागली. ती जिंकून त्यांनी १५३८मध्ये तेथे बोगोटा वसवले. राजधानी थंडीत राहिली, बंदर उकाड्यात. आणि मध्ये कित्येक आठवड्यांची वाट.

पोपायानचा शास्त्रज्ञ फ्रान्सिस्को होसे दे काल्दास याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. त्याचा तापमापक फुटला. तो दुरुस्त करता करता त्याच्या ध्यानी आले, की पाणी किती अंशांवर उकळते यावरून जागेची उंची काढता येते. कोणते पीक किती उंचीवर येते, हेही त्याने टिपले. इथवर सारे उत्तम. पण १८०८मध्ये हवामानाच्या प्रभावावर निबंध लिहिताना त्याने माणसेही त्याच मापाने मोजली. डोंगरावरचा माणूस सुसंस्कृत, उकाड्यातला आळशी आणि रासवट! राजधानीतल्या सुखवस्तूंना हे मत सोयीचेच होते.

त्याला उत्तर इतिहासाने दिले. स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य कार्ताहेनाने ११ नोव्हेंबर १८११ रोजी पुकारले, बोगोटाने १८१३मध्ये. १८१५मध्ये स्पॅनिश सेनापती मोरिलो याने कार्ताहेनाला वेढा घातला, तेव्हा त्या ‘आळशी’ नगरीने तीन महिन्यांहून अधिक काळ दरवाजे उघडले नाहीत. भुकेने आणि रोगराईने हजारो माणसे मेली. पुढच्या वर्षी तेच सैन्य फारशा प्रतिकाराविना थंडगार बोगोटात शिरले. स्वातंत्र्याच्या बाजूने उभ्या राहिलेल्या काल्दासलाही ऑक्टोबर १८१६मध्ये तिथेच गोळ्या घालण्यात आल्या.

पाण्याविषयीचा त्याचा नियम आजही खरा आहे. माणसांविषयीचा मात्र टिकला नाही. १९८२ साली कोलंबियाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते गाब्रिएल गार्सिया मार्केसमुळे. आणि त्याचा जन्म आराकाताकाचा, किनाऱ्याकडच्या उकाड्यातल्या, केळीच्या बागांनी वेढलेल्या गावचा.