कंपायलर चाचणीसंच : संथपणा व उपाय

चाचणीसंच म्हणजे कंपायलर प्रोग्रामचे यंत्रभाषेत अचूक रूपांतर करतो की नाही, हे पाहणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचा संग्रह. जीसीसी किंवा एलएलव्हीएम या कंपायलर-प्रकल्पांमध्ये अशा चाचण्या हजारोंनी असतात. बहुतेक चाचण्या मोजक्या ओळींच्या, तरी साध्या संगणकावर पूर्ण संचाला तासन्‌तास लागतात. वेळ चाचणीपेक्षा तिच्या भोवतालच्या खटाटोपात जातो.

जीसीसीत प्रोग्राम चालवून पाहणाऱ्या एका चाचणीसाठी कंपायलर, असेंब्लर, लिंकर आणि शेवटी तो प्रोग्राम, अशा प्रक्रिया एकामागून एक सुरू होतात. ‘टॉर्चर’ विभागातली फाइल तर ऑप्टिमायझेशनच्या प्रत्येक पातळीवर नव्याने कंपाइल होते. प्रक्रिया सुरू करणे लिनक्सवर स्वस्त, विंडोजवरील सिग्विनमध्ये फार महाग. विकासकाचा कंपायलरही अंतर्गत तपासण्यांमुळे जड असतो. पण त्या बंद करू नयेत, चुका तिथेच सापडतात. प्रोग्राम अडकला तर जीसीसीच्या चाचण्या चालवणारी डेजाग्नू ही प्रणाली मुदत संपेपर्यंत वाट पाहते.

काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर वाटणे हा सरळ उपाय. मात्र शेवटी एकच लांब चाचणी उरली, तर बाकी गाभे रिकामे बसतात. म्हणून एलएलव्हीएमचे चाचण्या चालवणारे साधन ‘लिट’ मागच्या फेरीत लागलेल्या वेळा लक्षात ठेवून संथ चाचण्या आधी घेते. खरी बचत चाचणी आखूड केल्याने होते. एलएलव्हीएममध्ये मधल्या रूपातला मजकूर थेट एकाच पायरीला देऊन उत्तर तपासता येते. असेंब्लर-लिंकर लागतच नाहीत. रस्ट भाषेच्या २०२४ आवृत्तीत चाचणी म्हणून चालणारी दस्तऐवजांतली उदाहरणेही शक्य तिथे एकत्र कंपाइल होतात.

ऑप्टिमायझेशनच्या पातळ्या गाळण्याचा मोह मात्र टाळावा. उदाहरणार्थ, जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीत ३० अँटेनांच्या ४३५ जोड्यांचे संकेत जुळवण्याचे काम २०१०च्या सुमारास खास बनवलेल्या हार्डवेअरकडून संगणकसमूहावरील सॉफ्टवेअरकडे आले. तत्काळ चालणारी अशी आकडेमोड ऑप्टिमायझेशनच्या वरच्या पातळीवरच परवडते. खालच्या पातळीवर उत्तीर्ण झालेली चाचणी त्या आकडेमोडीबद्दल फारसे सांगत नाही. बेरजांचा क्रम बदलला की शेवटचे दशांशही बदलू शकतात, म्हणून अशा आकडेमोडीच्या चाचणीत ठरावीक फरकाची मुभा ठेवावी लागते.

रोजच्या कामात बदलाशी संबंधित विभागच चालवतात. बदल मुख्य शाखेत जाण्यापूर्वी पूर्ण संच चालवून निकाल बदलापूर्वीच्या निकालांशी ताडतात, कारण काही चाचण्या आधीपासूनच नापास असतात. ते जुने निकाल जपून ठेवले, तर दुसरी पूर्ण फेरी वाचते.