सागाची जडी : लागवडीच्या एका रीतीचा इतिहास

भोपाळ मध्य भारताच्या सागवनी पट्ट्यात येते. येथे वर्षाला सुमारे 1,100 मिलिमीटर पाऊस पडतो, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. उरलेल्या कोरड्या महिन्यांत कोवळ्या रोपाचा शेंडा अनेकदा वाळतो. मूळ मात्र जिवंत राहते आणि पाऊस येताच त्यातून नवा कोंब फुटतो.

1864 मध्ये जर्मन वनतज्ज्ञ डिट्रिश ब्रँडिस यांच्या हाताखाली ब्रिटिश सरकारचे वनखाते सुरू झाले. पुढच्याच वर्षी नर्मदेच्या दक्षिणेचे बोरीचे जंगल राखीव झाले. त्या काळी वणवा, चराई आणि तोड रोखण्यावर भर होता. रोपे आपोआप उगवतील, असा हिशेब होता. 1899–1900 च्या दुष्काळात पाऊस दगा देऊन गेला आणि गुरे जगवण्यासाठी राखीव जंगलेही चराईला खुली करावी लागली. कोरडी जमीन आणि गुरांची तोंडे असा दुहेरी मार कोवळ्या झाडोऱ्यावर बसतो.

आपोआप उगवण्यावर विसंबता येत नाही, तेव्हा रोपे लावावी लागतात; पण वाफ्यातून उपटलेले पानांसकट रोप लावले, तर तुटलेली मुळे रुंद पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. विसाव्या शतकात रूढ झालेल्या जडीने ही अडचण सोडवली. गादीवाफ्यावरचे वर्षभराचे, अंगठ्याएवढ्या जाडीचे रोप उपटायचे. पाने आणि उपमुळे छाटायची. दोन-तीन सेंटिमीटर खोड आणि 15 ते 20 सेंटिमीटर सोटमूळ ठेवायचे. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या जड्या पावसाच्या तोंडावर पहारीने पाडलेल्या भोकांत बसवतात आणि भोवतीची माती टाचेने घट्ट दाबतात. पानेच नसल्याने पाणी उडत नाही, आणि मुळातील साठ्यावर कोंब फुटतो.

दरम्यान हवाही बदलली. बोरी राखीव झाले तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 285 भाग होता. 1958 मध्ये तो 315 झाला आणि आता 420 च्या वर गेला आहे. हा वायू वाढला की पर्णरंध्रे थोडी मिटतात, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त अन्न तयार होते. शिल्लक मुळात साठली, तर वाळलेले रोप पुन्हा फुटायला मदत होते. मात्र याच वायूमुळे तापमान वाढते आणि तापलेली हवा पानांतून अधिक पाणी ओढते. माती पूर्ण सुकल्यावर रंध्रे बंद होतात, मग हवेत वायू कितीही असला तरी तो पानात शिरत नाही. जडीला कोंब फुटल्यावर पावसाने लांबलचक उघडीप दिली, तर मुळातील साठा खर्च झालेला असतो आणि नवी मुळे खोल गेलेली नसतात. म्हणून लागवडीचे यश आजही पहिल्या पावसानंतर जमिनीत टिकणाऱ्या ओलीवरच ठरते.