प्लॅटिनमवाचून भागेल का? : इंधनघटाचा इतिहास आणि कारणाचा प्रश्न

हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून वीज काढता येते, हे विल्यम ग्रोव्ह यांनी 1839च्या सुमाराला दाखवलं. त्यांच्या पट्ट्या प्लॅटिनमच्या होत्या. हा महाग, दुर्मीळ धातू टाळता येईल का, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यामागे लागला आहे.

पहिलं मोठं उत्तर इंग्लंडच्या फ्रान्सिस टॉमस बेकन यांचं. त्यांनी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेतलं. त्यात निकेलवर भागलं. 1959 साली त्यांच्या घटसंचानं 5 किलोवॅट वीज दिली, आणि पुढे याच वाटेचे घट अपोलो यानांतून गेले. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हे द्रावण बिघडवतो. यानात शुद्ध ऑक्सिजनची टाकी असते. गाडीला हवाच घ्यावी लागते. तिथे आम्लधर्मी पटल सोयीचं. आणि आम्लात निकेल टिकत नाही. म्हणजे पुन्हा प्लॅटिनम!

1964 साली रेमंड जासिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिन हा उत्प्रेरक दाखवला. मधोमध धातूचा अणू, भोवती चार नायट्रोजन; आपल्या रक्तातल्या हीमसारखीच रचना. पुढे अशी संयुगं आम्लातही वापरून पाहिली, पण टिकेनात. म्हणून ती कार्बनवर बसवून तापवली. रेणू मोडला, आणि उत्प्रेरक सुधारला! 1989 मध्ये अर्नेस्ट येगर यांच्या गटानं तो रेणू वगळलाच. लोखंडाचे किंवा कोबाल्टचे क्षार, कार्बन, आणि ज्याची ॲक्रिलिक लोकर बनते ते पॉलिमर, एवढंच एकत्र तापवलं. तरी काम झालं.

आता बघा, मातीच्या घटाची कारणं सांगताना आपले नैयायिक कुंभाराचं गाढव वगळतात. गाढव तिथे असतं खरं, पण त्याच्यावाचून अडत नाही, ते 'अन्यथासिद्ध'. पंचवीस वर्षं ज्या सुबक रेणूला आपण कारण मानलं, तो असाच निघाला: धातू आणि नायट्रोजन वाहून आणणारा.

मग कारण कळायलाच हवं का? कृती साधली की पुरे, असं कुणी म्हणेल. 2011 साली लॉस अलामोसच्या गटानं लोखंड-कोबाल्टचा घट 700 तास चालवला. मोठीच मजल, पण गाडीला हजारो तास लागतात. उत्प्रेरक झिजतो, तेव्हा नेमकी कोणती जागा काम करत होती आणि काय निकामी झालं, हे विचारावंच लागतं. कृतीनं घट चालतो; तो टिकवायचा तर कारणच शोधावं लागतं.