शब्दवेध : धागा

इंग्रजी ‘थ्रेड’चे मूळ पीळ देण्याच्या क्रियेत आहे, पिळून होतो तो दोरा. कथेचा किंवा युक्तिवादाचा दुवा हा अर्थ त्याला पुढे मिळाला आणि संगणकवाल्यांनी तो एकमेकांना उत्तर देणाऱ्या संदेशांच्या साखळीसाठी आयताच उचलला.

१९७८ च्या फेब्रुवारीत शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी पहिला संगणकी बुलेटिन बोर्ड सुरू केला. फोनलाइन एकच, म्हणून एका वेळी एकच जण आत. संदेश क्रमांकाने एकाखाली एक पडत. प्रश्न बाराव्या जागी असला तर उत्तर चाळिसाव्या जागी सापडायचे आणि मधली सगळी गर्दी ओलांडून वाचणाऱ्यालाच दुवा जुळवावा लागे.

१९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी उभारलेल्या फिडोनेट या बोर्डांच्या जाळ्यावर बऱ्याच बोर्डांचे सॉफ्टवेअर सारख्या विषयाचे संदेश एकमेकांना जोडत असे. विषयाची ओळ कुणी बदलली की पीळ सुटला! पुढे प्रत्येक संदेशाला स्वतःची ओळखखूण मिळाली आणि उत्तरासोबत मूळ संदेशाची खूणही जाऊ लागली. खरा मोठा बदल हाच: कोण कुणाला उत्तर देतो आहे, यावरून आता संदेशांचे नाते ठरू लागले.

मराठीत ‘बोलण्याचा धागा’ आधीच होता. त्यामुळे मराठी संकेतस्थळांवर ‘धागा काढणे’, ‘धागाकर्ता’ हे शब्द सहज रुळले.